‘इंग्रजीत लिहा’ हा इलाज नव्हे

“कॉम्प्युटरवर मराठी बिघडते हो साहेब, इंग्रजीतच लिहा.” हे वाक्य मी जम्मूत ऐकलंय, जोधपूरला ऐकलंय, तेजपूरच्या बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात ऐकलंय आणि सगळ्यात जास्त वेळा सातारा-सांगलीच्या पट्ट्यात, म्हणजे खुद्द मराठी मुलखात ऐकलंय. तेजपूरवाल्याचं मी समजू शकतो, त्याचं मराठीशी काय देणंघेणं? पण जिथे पाटी मराठी, अर्ज मराठी, समोर बसलेली म्हातारी मराठी, तिथल्या खुर्चीवरच्या माणसाने असं म्हणावं याची मला चीड येते. आज ती इथे मोकळी करणार आहे. ज्यांना राग येईल त्यांनी येऊ द्यावा.

पहिली गोष्ट म्हणजे मराठी बिघडत नाही. बिघडलेली असते ती सेटिंग, आणि बहुतेक वेळा ती दहा मिनिटांत दुरुस्त होते. ज्याला ती दहा मिनिटं द्यायची नाहीत तो भाषेवर ढकलतो. फायरिंग रेंजवर रायफल अडकली तर उस्ताद म्हणतो का, की रायफल ठेव आणि लाठी घे? आधी बघायला लावतो की राउंड अडकलाय, मॅगझिन नीट बसलेलं नाही, की काल साफसफाई केलेली नाही. कारण वेगळं तर इलाज वेगळा. कॉम्प्युटरवर मात्र सगळ्या दुखण्यांना दोनच औषधं: एक तर “फॉरमॅट मारा” नाही तर “इंग्रजीत लिहा”.

आधीच सांगून ठेवतो, युनिटमधल्या कॉम्प्युटरबद्दल इथे एक अक्षर लिहिणार नाही. लिहायचं नसतंच. मी बोलतोय ते गावाकडच्या, तालुक्याच्या, संघटनांच्या, पतसंस्थांच्या आणि छापखान्यांच्या मशीनबद्दल. अजूनही कितीतरी ठिकाणी विंडोज एक्सपी चालू आहे, जिचा कंपनीचा आधार ८ एप्रिल २०१४ लाच संपला. मशीन जुनी आहेत हे खरं. पण जुनं आहे म्हणजे मराठी येत नाही, हे खोटं.

आता दुखणं ओळखायचं कसं ते बघा. मी दर रजेत कुणाला तरी हे समजावतो, एकदा लिहूनच टाकतो.

स्क्रीनवर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील तर घाबरू नका. मजकूर जसाच्या तसा सुरक्षित आहे, फक्त तो दाखवणारा फॉन्ट मशीनमध्ये नाही. अक्षरं दिसतायत पण वेलांटी भलत्या बाजूला पडलीय, जोडाक्षरं फुटून प्रत्येकाचा पाय मोडलाय, तर फॉन्ट आहे पण अक्षरं जोडणारी यंत्रणा बंद आहे. एक्सपीमध्ये ती बंदच यायची. कंट्रोल पॅनेल उघडा, रिजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये जा, लँग्वेजेसचा टॅब, आणि तिथे कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या फाइल्स बसवण्याची चौकट आहे तिच्यात खूण करा. विंडोजची सीडी मागेल, ती घाला, मशीन पुन्हा चालू करा. काम झालं. मग त्याच टॅबवर डीटेल्समध्ये जाऊन मराठीचा कीबोर्ड जोडा. डाव्या ऑल्ट आणि शिफ्टने इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. यात इंटरनेट लागत नाही, बाहेरचं काही उतरवावं लागत नाही, एक पैसा लागत नाही. विंडोज २००० पासून हे आत आहे. विकत घेतलेल्या मशीनमध्ये ही सोय असूनही तिथे बसून “मराठी सपोर्ट नाही” सांगणारे मी मोजायचं सोडून दिलंय.

मजकुराच्या जागी डोक्यावर टोपी घातलेला इंग्रजी ए आणि त्याच्या शेजारी चार पाय फुटलेलं नाण्याचं चिन्ह, अशी जोडी पुन्हापुन्हा दिसत असेल तरीही मजकूर सुरक्षित आहे. युनिकोडची देवनागरी ज्या पद्धतीने फाइलमध्ये साठवतात त्यात एका अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात आणि पहिला बाइट कायम तोच असतो. समोरचा प्रोग्रॅम त्या तीन बाइटांना तीन वेगळी युरोपीय अक्षरं समजून वाचतोय, एवढंच. एक्सेलमध्ये यादीची फाइल नुसती डबल क्लिक करून उघडली की हमखास होतं. इम्पोर्टमधून उघडा आणि एन्कोडिंग विचारेल तिथे यूटीएफ-आठ निवडा, यादी मराठीत समोर येते. पण सेव्ह करू नका हो आधीच! बिघडलेलं दिसतंय म्हणून सेव्ह मारणारा माणूस शत्रूपेक्षा जास्त नुकसान करतो.

आणि ओळीने प्रश्नचिन्हं दिसत असतील, तर मात्र टोपी काढा. ती प्रश्नचिन्हं फाइलमध्येच असतील तर तिथलं मराठी मेलेलं आहे. कुठल्या तरी प्रोग्रॅमने मराठी अक्षराला ‘माझ्याकडे तुला जागा नाही’ म्हणून त्याच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिलं आणि मूळ फेकून दिलं. जुन्या डेटाबेसमध्ये हे सर्रास होतं, कारण रकाना बनवणाऱ्याने तो फक्त युरोपीय अक्षरांसाठी बनवलेला असतो. मायएसक्यूएल नावाचा जगभर वापरला जाणारा डेटाबेस आठव्या आवृत्तीपर्यंत, काही न सांगता बसवला तर, अक्षरं लॅटिन धरायचा आणि वर्णक्रम स्वीडिश लावायचा. बनवणारे स्वीडनकडचे, त्यांनी आपल्या घरचा क्रम घातला, त्यांचं काय चुकलं? चुकलं ते आपल्याकडे तो बसवून वर मराठी नावांचा अर्ज ठेवणाऱ्याचं. एक शब्द बदलायचा होता. तो न बदलल्याने किती नावांची प्रश्नचिन्हं झाली असतील, देव जाणे.

आता नेटवर शोधलंत की एक रामबाण उपाय सगळीकडे सापडतो: नॉन-युनिकोड प्रोग्रॅमसाठी भाषा बदला. हा उपाय रशियन माणसासाठी अगदी खरा आहे, जपानी माणसासाठी खरा आहे. त्यांच्या जुन्या प्रोग्रॅमसाठी विंडोजमध्ये वेगवेगळी अक्षरपानं आहेत. रशियनचं १२५१, जपानीचं ९३२. मराठीचं असं पानच नाही. हिंदीचंही नाही. विंडोजने आपल्या भाषा घेतल्या तेव्हा थेट युनिकोडमधूनच घेतल्या, म्हणून एक्सपीच्या त्या यादीत मराठी शोधत बसलात तर सापडणार नाही. मग लोक चिडून काहीतरी निवडतात. एका छापखान्यात कुणीतरी तिथे रशियन निवडून ठेवलं होतं! त्यांचे जुने मराठी फॉन्ट चालतात युरोपीय पानावर, १२५२ वर. रशियन पान लागल्यावर जी मराठी अक्षरं वरच्या १२८ जागांवर बसवलेली होती ती सगळी गायब. मालक सहा महिने ‘फॉन्ट करप्ट झाला’ म्हणत दुसऱ्या दुकानात काम देत होते. इंग्रजी निवडून मशीन पुन्हा चालू केलं, फॉन्ट जिवंत झाला. मराठी दिसण्यासाठी इंग्रजी निवडावं लागतं, ही गंमत आहे खरी, पण ती का आहे हे समजून घेतल्याशिवाय पुढचं दुखणं कळणार नाही.

पुढचं दुखणं सगळ्यात मोठं. फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी. मध्येच मोठी लिपी, मध्येच छोटी, स्वल्पविराम, कंस. हे मराठीच आहे, पण सोंग घेतलेलं. १९९० च्या दशकात आणि नंतरही बराच काळ आपल्याकडचं बहुतेक मराठी टायपिंग असंच झालं. फाइलमध्ये साठवलेलं असायचं इंग्रजी अक्षर, आणि फॉन्टमध्ये त्या इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी चित्र काढून ठेवलेलं. सिग्नलवाल्यांना लगेच कळेल, हा सरळसरळ कोड आहे आणि फॉन्ट म्हणजे कोडशीट. कोडशीट हरवली की निरोप म्हणजे नुसती बडबड.

आणि प्रत्येक कंपनीची कोडशीट वेगळी. एकीच्या फॉन्टमध्ये ज्या कळीवर क, दुसरीच्या फॉन्टमध्ये तिथे भलतंच. एकाचं पॅकेज घेतलं की समोरच्यालाही तेच घ्यावं लागे. कित्येक पॅकेजांना मशीनच्या मागे लावायची डोंगल असे. डोंगल बिघडली की मराठी बंद. आता कुणी म्हणेल, त्या वेळी दुसरा मार्गच नव्हता. अर्धं खरं आहे. छपाईचं सॉफ्टवेअर परदेशी, पेजमेकरसारखं, त्याला फॉन्टपलीकडे काही कळत नव्हतं. छापखाने थांबणार होते का? पण मार्ग नव्हता हे खरं नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं राष्ट्रीय मानक १९९१ पासून होतं, भारतीय मानक ब्यूरोचं, क्रमांक १३१९४. पुण्याच्या सी-डॅकने त्यावर काम करणारी साधनंही बनवली होती. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी या इस्कीच्याच आधीच्या मसुद्यावरून घेतलेली आहे. म्हणजे जगाने आपल्याकडून उचललं आणि आपण मात्र आपापल्या दुकानाच्या कोडशीटा विकत बसलो. मानक असताना मानक न पाळणं याला आमच्याकडे वेगळा शब्द आहे आणि त्याची शिक्षाही वेगळी आहे.

याचं नुकसान काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या भागातल्या माजी सैनिकांच्या एका संघटनेचा कॉम्प्युटर भंगारात निघाला होता. सचिव, निवृत्त सुभेदार साहेब, मला म्हणाले, “पोरा, त्यात काही नाही, सगळा कचरा आहे. फॉरमॅट मारून कुणा गरीब पोराला दे.” मी उघडून पाहिलं. कचरा दिसत होता खरा, पानंच्या पानं इंग्रजी खिचडी. पण फाइलींची नावं इंग्रजीत होती आणि त्यातल्या एका नावात १९६५ होतं.

तो कचरा म्हणजे २००० च्या आसपास कुणीतरी बसून टाइप केलेल्या आठवणी होत्या. बासष्टला, पासष्टला, एकाहत्तरला जे गेले होते त्यांनी सांगितलेल्या, त्यांच्याच बोलीत. स्मरणिका काढायची होती, पैसे जमले नाहीत, राहून गेली. सांगणारे एकेक करून गेले. टाइप करणारेही गेले. एका आजोबांनी ज्या पोस्टवर रात्र काढली तिथे बर्फ वितळवून चहा कसा केला ते सांगितलंय, आणि त्या रात्री शेजारच्या खंदकात कोण होतं ते नावानिशी सांगितलंय. त्या शेजारच्या खंदकातल्या माणसाच्या नातवाला हे ठाऊकच नव्हतं. आम्ही फॉरमॅट मारणार होतो.

पेशव्यांच्या काळातला मोडी कागद पुण्याच्या दप्तरात आजही आहे आणि मोडी शिकलेला कुणीही तो वाचू शकतो. अडीचशे वर्षांचा कागद वाचता येतो, पंचवीस वर्षांपूर्वीची फाइल वाचता येत नाही. मोडी लिपीसुद्धा २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली. म्हणजे मोडीची सोय झाली आणि आपल्या बापाने टाइप केलेल्या बाळबोधीची झाली नाही. कोण जबाबदार? सरकार? कंपन्या? थोडे थोडे सगळे. पण ‘त्यात काही नाही’ म्हणणारे आपणच ना.

सोडवायचं कसं तेही सांगतो, कारण नुसतं ओरडून भागत नाही. कोड असला तरी तो साधा आहे, एका चिन्हाला एक चिन्ह. रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात, बरेचसे फुकट. पण डोळे झाकून विश्वास ठेवू नका. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी आधी टाइप व्हायची, कारण ती अक्षराच्या डावीकडे दिसते; युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, जशी आपण उच्चारतो. रफाराचं उलटं: पूर्वी अक्षरानंतर, आता आधी. कच्चा रूपांतरक इथे हमखास मार खातो आणि ‘सर्व’चं भलतंच होतं. दुसरं म्हणजे वर्डमध्ये वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं होतं. इंग्रजीत ठीक आहे, पण या फॉन्टमध्ये मोठं अक्षर म्हणजे वेगळंच मराठी अक्षर! टाइप करणाऱ्याच्या लक्षात आलं नसेल तर ती चूक फाइलमध्ये कायमची बसलेली असते आणि ती माणसालाच वाचून काढावी लागते.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: मजकूर उचलून नोटपॅडमध्ये टाकू नका. नोटपॅड फॉन्टची खूण टाकून देतं. मग कुठला तुकडा सोंगातलं मराठी आणि कुठला खराखुरा इंग्रजी, हे कळायला मार्ग राहत नाही. आठवणींमध्ये रायफलची नावं, तारखा, नकाशावरचे क्रमांक इंग्रजीत होते. ते रूपांतरकातून गेले असते तर त्यांचं मराठी भरीत झालं असतं. वर्डची मूळ फाइल ठेवा, तिची प्रत करा, प्रतीवर काम करा, फॉन्ट बघून तुकडे वेगळे करा. वेळ लागतो. दोन रजा गेल्या माझ्या. बायको म्हणाली, तुम्ही घरी येता की ड्यूटीला?

आता नावांकडे येतो, कारण आठवणी वाचल्या नाहीत तर मन दुखतं, पण नाव चुकलं तर पेन्शन अडते.

‘इंग्रजीत लिहा’ म्हणणाऱ्याला वाटतं की तो मार्ग मोकळा करतोय. प्रत्यक्षात तो ळ मारतोय. काळे, काले, कळे, सगळे इंग्रजीत एकसारखे चार अक्षरांत बसतात. गवळी आणि गवली एकच. ढवळे परत मराठीत येताना धवले होऊन येतात. इंग्रजीतून मराठीत यंत्राने नावं उतरवण्याची हौस आली तेव्हापासून तर विचारू नका. एका यादीत मी साबळ्यांचं ‘सेबल’ पाहिलंय, दात्यांचं ‘डेट’, काट्यांचं ‘केट’. हसू येतं ना? ज्या वीरपत्नीच्या नावापुढे ‘सेबल’ आलं तिला हसू आलं नाही. नवऱ्याच्या सेवेच्या कागदावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकावर मराठीत तिसरंच. प्रत्येक खिडकीवर विचारतात, “यातलं तुमचं खरं नाव कोणतं?” त्या माउलीने काय सांगायचं? तिच्या तोंडी नाव एकच आहे. चाळीस वर्षं एकच आहे.

फौजेत आम्ही नावातली एक वेलांटी बदलायची तर पार्ट टू ऑर्डर निघेपर्यंत थांबतो, कारण एका अक्षराने माणूस बदलतो हे आम्हाला ठाऊक आहे. आणि बाहेर एक अर्ज भरणारा पोरगा यंत्राला विचारून नाव उतरवतो, पुढे जा म्हणतो.

कधी अर्ज मराठी घेतोही. मग काय होतं? तो म्हणतो, नावात स्पेशल कॅरेक्टर चालणार नाहीत. कुठलं स्पेशल कॅरेक्टर? वेलांटी! काना! ज्याने अर्ज बनवला त्याने ‘अक्षर’ म्हणजे काय हे यंत्राला सांगताना स्वर-व्यंजनं सांगितली आणि मात्रा सांगायच्या विसरला. म्हणजे ‘मदन’ चालतो, ‘मोहन’ चालत नाही. किंवा रकान्याला वीस बाइटांची मर्यादा असते. वीस म्हणजे पुष्कळ झाले असं इंग्रजीत वाटतं. ‘विश्वासराव’ मध्ये दहा चिन्हं आहेत, व, वेलांटी, श, पाय मोडण्याची खूण, व, काना, स, र, काना, व. प्रत्येकी तीन, झाले तीस बाइट. वीस बाइटांवर कात्री लागली की उरतो ‘विश्वा’ आणि पुढे एक तुटका चौकोन. हा माणूस आयुष्यभर विश्वासराव म्हणून जगला आणि कॉम्प्युटरने त्याचा विश्वासच कापला.

एक बारीक गोष्ट, पण मला फार लागते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. या दुसऱ्या र साठी काही पद्धतींत एक न दिसणारं जोडचिन्ह मध्ये टाकावं लागतं. ‘फालतू चिन्हं साफ करतो’ म्हणणारे प्रोग्रॅम ते पहिलं उडवतात. मग दऱ्यांमधून गस्त घालणारा जवान दर्यातून गस्त घालायला लागतो. नौदलवाल्यांनी कृपया नोंद घ्यावी.

आता आक्षेप. मला पत्रातून आणि फोनवरून जे ऐकवले जातात तेच घेतो.

एक ज्येष्ठ साहेब म्हणतात, फौजेत सगळ्या प्रांतांची माणसं, जोडभाषा हवीच, तू हा मराठीचा झेंडा कशाला नाचवतोस? साहेब, आदराने सांगतो, रेडिओवर मी मराठीत बोलावं असं मला स्वप्नातही वाटत नाही. जोडभाषेचं काम जोडभाषेने करावं. पण माणसाचं नाव हे जोडभाषेचं काम नाही. इंग्रजांनी आमच्या आजोबा-पणजोबांना रोमन अक्षरांत उर्दू शिकवली होती, कारण साहेबाला वाचता यावं. आता साहेब गेला. आणि ‘सैनिक समाचार’ बघा, १९०९ साली ‘फौजी अखबार’ म्हणून सुरू झालं, आणि पुढे तेरा भाषांत निघायला लागलं, त्यात मराठीही. संरक्षण मंत्रालयाला तेरा भाषांची अडचण वाटली नाही, आणि आपल्या तालुक्याच्या ऑफिसला एकीची वाटते?

शिवाय हे दुखणं एकट्या मराठीचं नाही, हे मला बराकीतच कळलं. पंजाबी दोस्ताकडे त्याच्या वडिलांच्या जुन्या फाइली आहेत, आमच्यासारख्याच गुरमुखीच्या सोंगाच्या. असमिया जवानाची तक्रार वेगळी: त्याची लिपी युनिकोडमध्ये ‘बंगाली’ या नावाच्या कोठडीत आहे, त्याचा र आणि व वेगळे दिलेत, पण फॉन्टवाला बऱ्याचदा त्यांना विसरतो. मल्याळी उस्तादांच्या चिल्लू अक्षरांना स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. मणिपुरी मैतेई मयेकला २००९ मध्ये. आपल्या ‘ॲ’लाही, म्हणजे ॲडमिरलमधल्या ॲ ला, २००८ मध्येच मिळाली, म्हणून जुन्या मशीनवर त्याच्या जागी चौकोन येतो. सगळ्यांच्या घरी तेच भांडण चालू आहे. सगळ्यांना तेच सांगितलं जातं, इंग्रजीत लिही.

दुसरा आक्षेप छापखानेवाल्यांचा: जुने फॉन्ट देखणे होते, युनिकोडचं मराठी कुरूप दिसतं. एके काळी खरं होतं. विंडोजबरोबर येणारा मंगल फॉन्ट मलाही आवडत नाही. त्यातला ल आणि श हिंदी वळणाचा, आपल्या पाटीवरचा नव्हे. पण आता मुंबईच्या एक टाइपवाल्यांचे मुक्त आणि बालू आहेत, आयआयटी मुंबईचा शोभिका आहे, सगळे फुकट आणि खुले. देखणेपणाची सबब संपली. आता जो जुन्या फॉन्टला चिकटून आहे तो सवयीने आहे. सवय मोडायला त्रास होतो हे मान्य, पण मग तसं म्हणा.

आणि तिसरा आक्षेप, पैशाचा. मराठी एसएमएसमध्ये साधारण ७० अक्षरं मावतात, इंग्रजीत १६०, म्हणून संस्था इंग्रजीत पाठवतात. हा आक्षेप खरा आहे, आणि मी तो मानतो. पण मग जिचं शिक्षण चौथीपर्यंत झालंय तिला हयातीच्या दाखल्याची शेवटची तारीख इंग्रजीत कळवून तुम्ही किती वाचवले, तेही हिशेबात धरा. तारीख हुकली की पेन्शन थांबते आणि एक म्हातारी एसटीचं तिकीट काढून तालुक्याला येते. तो खर्च कुणाच्या वहीत मांडायचा?

माझं मागणं फार नाही. जिथे मराठी नाव घेतलं जातं तिथे ते मराठीतच साठवा, आणि इंग्रजी स्पेलिंग त्याच्या शेजारी स्वतंत्र रकान्यात, माणसाला विचारून. यंत्राला विचारून नव्हे. रकाना युनिकोडचा ठेवा आणि लांबी बाइटांत नाही, अक्षरांत मोजा. अर्ज चालू करण्याआधी त्यात ‘ज्ञानेश्वर विश्वासराव ढवळे’ हे नाव भरून, सेव्ह करून, छापून, पुन्हा उघडून बघा. ते सहीसलामत परत आलं तरच अर्ज लोकांसमोर ठेवा. नवीन मशीन घेताना ठेकेदाराकडून हे लिहून घ्या. आणि जुनं मशीन भंगारात देण्याआधी एकदा, फक्त एकदा, कुणाला तरी आत बघायला सांगा.

संघटनेच्या त्या मशीनमधल्या बहुतेक आठवणी आता युनिकोडमध्ये आल्यात, सुभेदार साहेब स्वतः चष्मा लावून प्रुफं तपासतायत आणि दर पानावर माझ्याशी भांडतायत की त्या काळी आम्ही असं म्हणत नव्हतो. अकरा फ्लॉप्या मात्र अजून बाकी आहेत. त्यांच्यावर पेनाने ‘७१’ लिहिलंय, बाकी काही नाही. कुणा वाचकाकडे यूएसबीला लावायचा चालू फ्लॉपी ड्राइव्ह असेल तर खाली कळवा. पुढची रजा मार्चमध्ये आहे, कोल्हापूर-सातारा भागात कुठेही येऊन घेऊन जाईन.